तरीबी धर

मार्गशीर्षातली संध्याकाळ. दवाखाने सुटायची वेळ म्हणजे आमच्या अमळनेरच्या औषधाच्या दुकानात गर्दीची वेळ. एकाच्या हातात चिठ्ठी, दुसऱ्याच्या हातात मोबाइल, तिसरा नुसतंच ओरडतोय, 'ती मागच्या वेळची लाल गोळी द्या.' कोरोनात काउंटरवर लावलेलं प्लॅस्टिकचं तावदान मी अजून काढलेलं नाही. आता ते धुरकट झालंय, चरे पडलेत, पण खालची फट बिलापुरती, पुडीपुरती बरी पडते. आप्पा कोपऱ्यात उभे होते. महिन्याच्या महिन्याला बीपीच्या गोळ्या नेणारं गिऱ्हाइक. बोरीकाठच्या एका खेड्यातून यष्टीने येतात, पट्ट्या घेतात, बंडीच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढतात आणि जातात. त्या दिवशी पैसे दिले, पण गेले नाहीत. थोड्या वेळाने फटीतून एक हात आत आला. तळवा वर, मनगट माझ्याकडे. कापूस वेचून वेचून बोटांच्या टोकांना बोंडांनी पाडलेल्या चिरा, त्यात काळं भरलेलं.

"भाऊ, मना हात जरासा धरी दख ना."

मी म्हणालो, "आप्पा, मी डॉक्टर नाही हो. शेजारी दवाखाना आहे, तिथे बीपी बघून घ्या."

"माले माहीत शे," आप्पा म्हणाले. "तरीबी धर."

मी हसलो. बहुतेक 'बरं बरं' असंही काही म्हणालो असेन. तेवढ्यात कुणीतरी खोकल्याचं औषध मागितलं, मी मागच्या कपाटाकडे वळलो, आणि परत पाहिलं तर फट रिकामी होती.

एवढंच झालं.

रात्री शटर ओढताना लोखंड हाताला गार लागलं तेव्हा तो हात पुन्हा आठवला. सत्तावीस वर्षं मी हे दुकान चालवतोय. रोज शंभरेक हात माझ्यासमोर येतात. सुट्टे पैसे देताना, पुडी देताना बोटाला बोट लागतं न लागतं, तेही आता स्कॅनमुळे कमी झालंय. पण कुणाचा हात हातात धरायची वेळ माझ्या धंद्यात येत नाही, आणि ते मला कधी खटकलंही नव्हतं. उलट बरंच वाटायचं. घरी आलो तर भरीत झालेलं, तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचा धूर अजून स्वयंपाकघरात रेंगाळत होता. कळण्याची भाकरी मोडता मोडता मी बायकोला गंमत म्हणून सांगितलं, आज आप्पांनी मला डॉक्टर केलं म्हणून. तिने वाढायचं थांबवलं.

"मग धरला का नाहीत?"

"गर्दी होती गं."

"किती वेळ लागला असता?"

मी मिरचीचा ठेचा मागितला.

इथे सांगायला हवं की आमची ही रेकी करते, म्हणजे अंगावर हात ठेवून 'ऊर्जा' द्यायची ती जपानी विद्या. जळगावला एका सोसायटीच्या वरच्या मजल्यावर दोन रविवार जाऊन पहिली डिग्री घेतली, वर्षाने दुसरी. पहिल्या रविवारी मीच सोडायला गेलो होतो. सतरंज्यांवर वीसेक बायका आणि तीन-चार निवृत्त पुरुष, उदबत्ती, टेपवर पाण्याचा खळखळाट, आणि दारात चपलांचा ढीग. त्या चपलांकडे बघून मला आमच्या लग्नातली पंगत आठवली, हे मी तिला सांगितलं नाही. येताना तिने एक झेरॉक्स पुस्तिका आणली. तीत लिहिलेलं, की रेकीचे मूळपुरुष मिकाओ उसुई हे क्योटोच्या एका ख्रिस्ती विद्यापीठाचे प्रमुख होते आणि येशू रोग्यांना कसा बरा करायचा हे विद्यार्थ्यांनी विचारलं म्हणून ते शोधाला निघाले. दुकानात दुपारी माशा मारायची वेळ असते, तेव्हा मी शोधत बसलो. विद्यापीठाची ती गोष्ट खरी नाही. उसुईंचं स्मारक तोक्योतल्या साइहोजी मंदिरात १९२७ साली शिष्यांनी उभारलंय, त्या शिळेवर यातलं काही नाही. शिळा सांगते ती गोष्ट अशी : १८६५चा जन्म, आयुष्यात बरीच खटपट, फारसं यश नाही, मग कुरामा डोंगरावर २१ दिवसांचा उपवास आणि तिथे डोक्यावर आलेला काहीतरी अनुभव. १९२२ साली त्यांनी तोक्योत आपली संस्था काढली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२३मध्ये, तो महाभयंकर भूकंप झाला, शहर जळून गेलं, आणि उसुई गल्लोगल्ली जाऊन जखमी माणसांवर हात ठेवत फिरले.

हे मला आवडलं. ख्रिस्ती विद्यापीठापेक्षा हे किती चांगलं होतं! राखेच्या ढिगाऱ्यातून फिरणारा साठीच्या घरातला माणूस, जवळ औषध नाही, मलमपट्टी नाही, हात आहेत. पण पुस्तिकेत नेमकं ते नव्हतं. तिच्यात पुढे हवाईच्या ताकाताबाई होत्या. स्वतःच्या दुखण्यासाठी १९३५ साली जपानला गेल्या, उसुईंचे शिष्य हायाशी, जे नौदलातले निवृत्त डॉक्टर, त्यांच्या दवाखान्यात बऱ्या झाल्या, शिकल्या आणि ही विद्या हवाईला घेऊन आल्या. १९८०मध्ये वारल्या तोवर त्यांनी बावीस मास्टर, म्हणजे ही विद्या शिकवणारे, तयार केले होते. मास्टर व्हायची फी दहा हजार डॉलर. फुकट मिळालं की माणूस त्याची कदर करत नाही, असं बाईंचं म्हणणं. दुकानदार म्हणून मला ते पटतं आणि नातू म्हणून अजिबात पटत नाही. नातू म्हणून का, ते पुढे येईल.

तर ही रोज पहाटे साडेपाचला उठून बसते. डोळ्यांवर हात, कानांवर हात, डोक्यामागे, गळ्याशी, छातीवर, पोटावर, एकेका जागी तीन-चार मिनिटं. शेजारच्या वहिनींची अर्धशिशी, समोरच्या आजींचा गुडघा, कुणाचं चिडचिडं पोर, असे लोक दुपारी येतात. ही पैसे घेत नाही, फार तर कुणी केळीचा फणा ठेवून जातं. येणारा माणूस पलंगावर झोपतो आणि दहा मिनिटांत घोरायला लागतो. "ऊर्जा गेली की झोप येते," ही म्हणते. मी म्हणतो, दुपारी दोन वाजता पंख्याखाली आडवं केलं आणि अर्धा तास कुणी काही काम सांगितलं नाही तर खान्देशातल्या कुठल्याही बाईला झोप येईल. ती यावर चिडत नाही, हेच मला झोंबतं. तिचे हात गरम होतात ही तिची मुख्य साक्ष. मी तिला आठवण करून दिली, की लग्नानंतरच्या पहिल्या थंडीतही तुझे हात गरमच असायचे, तेव्हा उसुईंचं नावही आपल्याला माहीत नव्हतं. ती लाजली आणि मी ती बाजी हरलो.

एकदा मात्र मी तयारीनिशी बसलो. अमेरिकेत एमिली रोझा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती, तिने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रयोग केला. रेकीच्याच गोत्रातली, तिकडच्या नर्सेसमध्ये पसरलेली एक पद्धत आहे. अंगापासून थोड्या अंतरावर हात फिरवून समोरच्याचं ऊर्जाक्षेत्र जाणवतं असं ती करणारे सांगतात. पोरीने पुठ्ठ्याचा आडपडदा केला, पलीकडे त्या मंडळींचे दोन्ही तळवे, आणि नाणं उडवून ठरवायचं की आपला हात त्यांच्या उजव्या तळव्यावर धरायचा की डाव्या. त्यांनी फक्त ओळखायचं, पोरीचा हात कुठल्या बाजूला आहे. एकवीस जण, २८० वेळा. बरोबर आलं १२३ वेळा. म्हणजे चव्वेचाळीस टक्के. डोळे मिटून बोललं असतं तरी पन्नास आलं असतं. १९९८ साली हे अमेरिकन डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं, तेव्हा पोरगी अकरा वर्षांची होती. मी हे सगळं मोठ्या चवीने सांगितलं. बायको मेथी निवडत होती. पूर्ण ऐकून घेतलं.

"त्या पोरीनं हात लावला होता का त्यांना?"

"नाही. दोन-चार इंच वर धरायचा. तोच तर प्रयोग आहे."

"मग लावून पाहायला काय झालं होतं?"

मी तिला समजावायला लागलो, की हात लावला तर ओळखणारच, मग प्रयोगाला अर्थ काय. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी," आणि मेथीच्या काड्या कागदात गुंडाळून उठली. हा संवाद मी नंतर पुष्कळदा मनात घोळवला. तिचं उत्तर प्रयोगाचं खंडन नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. प्रयोग चोख आहे. पण ती भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होती आणि तो प्रश्न मी विचारलेलाच नव्हता.

आता आजीकडे येतो. माझी आजी पायाळू होती. पायाकडून जन्मलेली. त्यामुळे तिच्याबद्दल दोन गोष्टी गावात पक्क्या होत्या : वीज कडाडत असताना तिला उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि कुणाच्या कमरेत उसण भरली तर तिच्याकडे यायचं. सकाळी सकाळी, तोंड न धुता माणूस वाकत वाकत दारात यायचा. आजी चुलीपुढून उठायची, त्याला अंगणात पालथं झोपायला सांगायची, एका हाताने ओट्याचा खांब धरायची आणि उजवा पाय कमरेवर तीनदा टेकवायची. लाथ म्हणायचे, पण ती लाथ नसायची. तळपाय उबदार असणार, चुलीजवळून आलेला. मग ती काही न बोलता आत जायची. 'बरं वाटलं का' विचारायची नाही, 'येतो' म्हणायचं नाही, असा रिवाज. पैशांचं तर नावच नको. एकदा एका मारवाडी शेठने चवली ठेवली तर आजीने ती उकिरड्यात फेकली आणि मग दोन दिवस आजोबा ती शोधत होते, असं घरात सांगत. विहिरीला पाणी कुठे लागेल ते बघायलाही तिला एकदा नेलं होतं. पाणी लागलं नाही. तो विषय घरात काढायचा नसे.

उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप जाते, हे मी फार्मसी शिकलो तेव्हा कळलं. फार राग आला होता तेव्हा. कुणाचा, ते धड ठरवता आलं नाही.

आणि आजोबांचा हात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून शेकायचे, वर्षभर जू वाहून तिथे कातडं निबर झालेलं असायचं. ते झालं, की आजोबा सर्ज्याच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवत बसायचे. खालून वर, सावकाश. बैल मान लांब करायचा, कान पडायचे, डोळे अर्धे मिटायचे, तोंडातून लाळेची एक तार लोंबायची. माझा हात लावला की मात्र कातडं थरथरवून माशी झटकावी तसा झटकायचा. "घाई करस तू," आजोबा म्हणायचे. पुढे कधीतरी वाचलं, की ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २००८ साली दुभत्या गायींना अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी कुरवाळून पाहिलं. गळ्याखाली हात फिरवला, की गाय मान लांब करते, कान सैल सोडते. गायी एकमेकींना चाटतात तेही बहुतेक मानेच्याच आसपास. आणि माणसाच्या केसाळ कातडीत म्हणे काही मंद मज्जातंतू असतात, ते हळुवार स्पर्शालाच दाद देतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या वेगाने हात फिरला तर सगळ्यात जास्त. त्याहून भरभर फिरला तर त्यांना तो विशेष कळत नाही. हे वाचल्यावर मी दुकानात बसल्या बसल्या घड्याळ लावून स्वतःच्याच दंडावरून हात फिरवून पाहिला. आजोबांचा वेग आठवून. बरोबर त्यातच बसत होता. नोकर पोरगा बघत होता, त्याला वाटलं मला खाज सुटली, त्याने मलम काढून दिलं.

त्याच आजोबांचा हात बाजारात मात्र वेगळा. बैलबाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात वर टाकलेल्या उपरण्याखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, चेहरे दगडासारखे. तो हात दलालाला पुरता ओळखून असायचा. हात लबाडही असतो, हे मी लहानपणीच पाहिलं, म्हणून की काय, नुसत्या हाताच्या जोरावर कुणी काही सांगायला लागलं की माझे कान उभे राहतात.

२०२२च्या साथीत राज्यात गुरांचा लम्पी रोग सगळ्यात आधी सापडला तो ऑगस्टमध्ये, आमच्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात, चिनावलला. हिचं माहेर त्याच तालुक्यातलं, केळीच्या बागांच्या गराड्यात. पोळ्याच्या आसपास मेहुण्यांचा फोन आला : चांदीच्या अंगावर गाठी उठल्यात. चांदी त्यांची घरची गाय, चौथ्या वेताची. मी औषधं घेऊन पोचलो तेव्हा ती गोठ्यात नव्हती, बागेच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये वेगळी बांधली होती. अंगभर सुपारीएवढ्या गाठी, पुढचे पाय सुजून खांबासारखे, डोळ्यांतून पाणी, नाकाला शेंबूड. अंग तव्यासारखं तापलेलं. केळीच्या बागेत ठिबकचं पाणी सुटलेलं असतं, त्यामुळे दमट गारवा असतो, त्या गारव्यात तिची धग हातभर अंतरावरून लागत होती. तीन दिवस रवंथ नव्हता. गुराढोरांत वावरलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही.

पशुवैद्य तरुण होता, चार गावं एकटा पळत होता, डोळे तांबारलेले. त्याने सरळ सांगितलं, की हा विषाणू आहे, यावर थेट औषध नाही. ताप उतरवायचं इंजेक्शन, जखमा चिघळू नयेत म्हणून अँटिबायोटिक, निरोगी जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस, माश्या-गोचिडांसाठी फवारणी आणि कडुलिंबाचा धूर. "आणि हिच्याजवळ जाईल त्या माणसाने बाकीच्या गोठ्यात जायचं नाही. एकच माणूस ठेवा." मेहुण्यांना बाकीची सहा जनावरं बघायची होती. ही म्हणाली, "मी राहते."

नऊ दिवस राहिली. मी अमळनेरला परत आलो, फोनवर कळत होतं. पहिल्या दिवशी हात ठेवायला गेली तर चांदी सरकली. गाठी दुखत असणार. जनावरांच्या रेकीत म्हणे जनावराची मर्जी असेल तरच हात ठेवायचा, नाहीतर लांब बसायचं. ही लांब बसली. बादलीतून पाणी, तांदळाची पेज, गूळ, लुसलुशीत घास, जे घेईल ते हाताने भरवायचं, जखमा धुवायच्या, धूर करायचा आणि मध्ये मध्ये बसायचं. दोन शिंगांच्या मध्ये आणि गळ्याखाली गाठी कमी होत्या. तिसऱ्या दिवशी तिथे हात ठेवू दिला. चौथ्या रात्री गाय बसली आणि हनुवटी हिच्या मांडीवर टाकली. "इतकं वजन असतं हो गायीच्या डोक्याचं," ही सांगत होती. "पाय बधिर झाला, पण हलवला नाही." पहाटे तिच्या मांडीवर काहीतरी हललं. जबडा. एकदा, मग थांबून पुन्हा. तिने मला साडेपाचला फोन केला, रेकीला बसायच्या वेळेला. "चांदीनं रवंथ सुरू केला."

मी म्हणालो, "इंजेक्शन लागू पडलं."

"हो," ती म्हणाली, "पडलं." आणि फोन ठेवला.

दुसरं काही बोलता आलं असतं, हे मला फोन ठेवल्यावर लगेच कळलं होतं. पण मी तेव्हाही बरोबरच होतो, आणि बरोबर असल्यावर माणूस माघार घेत नाही. शेजारच्या मळ्यात एक बैल होता, ऐन उमेदीचा. डॉक्टर तोच, इंजेक्शनं तीच, माझ्याच दुकानातली. तो गेला. जेसीबीने खड्डा खणून चुना टाकून पुरला, आणि त्या मळ्यातली म्हातारी दोन दिवस जेवली नाही. यावरून रेकीचं काही सिद्ध होतं का? काही होत नाही. एक गाय जगली, एक बैल मेला. दोघांची वयं वेगळी, तब्येत वेगळी, पाणी पाजणारा हात वेगळा. मी हे हिशेब मनात करतो आणि प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीपाशी अडखळतो. चांदीच्या अंगावर अजून वण आहेत, बिनकेसांचे, रुपयाएवढे. दूध पुन्हा तेवढं आलं नाही. पण मेहुण्यांनी तिला विकली नाही. ही माहेरी गेली की ती गाय आवाज ऐकून दावं ताणते, हे मी स्वतः पाहिलंय. त्याला ऊर्जा म्हणायचं असेल तर म्हणा. मी गूळ म्हणतो.

इथवर लिहून वाटलं, लेख फार गोडगोड चाललाय. म्हणून ही दुसरी गोष्ट. आमच्या गल्लीपलीकडे एक निवृत्त मास्तर राहतात. साखरेच्या गोळ्या माझ्याकडून न्यायचे, बारा वर्षं. एका शहरातून महिन्यातून एकदा येणारे एक 'ग्रँडमास्टर' त्यांना भेटले. हिच्या वर्गाशी त्यांचा संबंध नाही, पण विद्या तीच. त्यांनी मास्तरांच्या पोटावर हात ठेवून सांगितलं, की स्वादुपिंड जागं झालंय, आता गोळ्यांचं विष कशाला? मास्तरांनी गोळ्या बंद केल्या. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यात मंत्र-ताईत सगळं येतं. पण पोटावर हात ठेवून कानात सांगितलेली गोष्ट कुणी कुठे छापते? तीन महिन्यांनी टाचेला चप्पल चावल्याचं निमित्त झालं आणि शेवटी धुळ्याला पायाची दोन बोटं काढावी लागली. हिला हे कळलं तेव्हा ती दिवसभर बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे येणाऱ्याला आधी एकच प्रश्न असतो : "गोळ्या चालू आहेत ना? पट्टी दाखवा." पट्टी बघितल्याशिवाय हात ठेवत नाही. दोघी-तिघींनी यायचं बंद केलं, त्यांना ते दवाखान्यासारखं वाटलं म्हणे.

त्या ग्रँडमास्टरला मी मनसोक्त शिव्या दिल्या. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ती इथे लिहितो. मास्तर तीन महिने दुकानात आले नव्हते, हे मला ठाऊक होतं. चांगलं लक्षात होतं. मला वाटलं, चौकात नवीन दुकान निघालंय, वीस टक्के सूट देतात, मास्तर तिकडे गेले. मनातल्या मनात रागावलोही होतो. रोज संध्याकाळी ते माझ्या दारावरून देवळात जायचे. 'मास्तर, गोळ्या कुठून घेता हल्ली?' एवढं विचारायला तावदानाबाहेर यावं लागलं असतं.

आपल्याकडे डॉक्टरबद्दल बोलताना 'हातगुण' हा शब्द वापरतात. औषध तेच, पण अमक्याच्या हाताला गुण आहे. तरुणपणी मला हा शब्द अडाणीपणाचा वाटायचा. गुण गोळीत असतो, पाचशे मिलिग्रॅममध्ये असतो. अजूनही असतो तो तिथेच, मास्तरांच्या बोटांनी ते पुन्हा सांगितलं. तरी आप्पांचा तो फटीतून आलेला हात गोळी मागत नव्हता. गोळ्या तर त्यांनी घेतल्याच होत्या, रोख पैसे देऊन. मी डॉक्टर नाही हे माहीत असल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं. मला नाडी कळत नाही हेही त्यांना माहीत असणार. म्हणजे रेकीवाले जे छातीठोकपणे सांगतात आणि मी जे खोडून काढतो, त्यातलं काहीच आप्पांनी म्हटलेलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात आप्पा आले नाहीत. तीस गोळ्या नेल्या होत्या, माझ्या हिशेबाने संक्रांतीच्या आसपास संपायला हव्या होत्या. संक्रांत झाली. चार दिवस वर झाले, आठ झाले. या वेळी मी चौकातल्या दुकानाचं नाव मनात येऊ दिलं नाही. त्यांच्या गावच्या एका पोराला विचारलं, कंडक्टरला विचारलं, शेवटी त्यांच्या गावाला दूध घालायला जाणाऱ्याला चिठ्ठी दिली. बायकोने हे सगळं पाहिलं आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

अडतिसाव्या दिवशी संध्याकाळी आप्पा कोपऱ्यात उभे. धुवट टोपी, नवा स्वेटर. सुरतेला गेले होते, पोराकडे. त्याने तिकडेच गोळ्या आणून दिल्या होत्या. "माले काय व्हस?" म्हणाले. चिठ्ठी पोचली होती आणि त्याची त्यांना गंमत वाटली होती. मी पट्ट्या कापल्या, पुडी बांधली, पैसे घेतले. आज त्यांनी हात पुढे केला नाही. पुडी बंडीत ठेवून ते निघालेच होते.

"आप्पा," मी म्हणालो, "आत या जरा. स्टुलावर बसा."

नोकर पोराने स्टूल रिकामं केलं. आप्पा बसले, भिंतीला टेकले. मी त्यांचं मनगट धरलं. वेचणी संपून महिना झाला होता, बोटांच्या चिरा भरत आल्या होत्या, कातडी तरीही सुतळीसारखी खरबरीत. हात माझ्यापेक्षा गार होता. अंगठ्याखाली चाचपडून नाडी सापडायला मला वेळ लागला, नाहीतरी मी ती कधी धरलीच नव्हती कुणाची. सापडली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत मी मोजायला लागलो. काउंटरपलीकडे दोन माणसं आली, एकाने चिठ्ठी फटीतून सरकवली. सत्तावीसपर्यंत मोजलं आणि दुसरा ओरडला, "शेठ, डोकेदुखीची गोळी!" आकडा गेला.

"किती उनं?" आप्पांनी विचारलं. डोळे मिटलेले होते.

"थांबा. चुकलं. परत मोजतो."

"मोज, मोज. यष्टी साडेसातले शे."